मासे वाढले, मासा संपत आला: कावेरीतल्या वशिंडी महासीरचं प्रकरण

कर्नाटकात कावेरीच्या काठी गालीबोरे इथे हौशी गळवाल्यांचा एक कॅम्प होता. मासा गळाला लावायचा, मोजायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा, असा तिथला नियम. कॅम्पच्या नोंदवहीत १९९८ ते २०१२ या काळात २३,६२० तास गळ टाकून ६,१६१ महासीर (नद्यांतल्या मोठ्या माशांचा एक गट) मिळाल्याची नोंद आहे. सर्वांत लहान मासा ०.४५ किलोचा, सर्वांत मोठा ४६.८ किलोचा. सरासरी काढली तर पावणेचार तासांना एक मासा.

संशोधकांनी ही वही पहिल्यांदा तपासली तेव्हा निष्कर्ष आनंदाचा निघाला. तासामागे मिळणाऱ्या माशांची संख्या वर्षागणिक वाढत होती आणि त्यांचं वजन घटत होतं. लहान मासे जास्त, म्हणजे नवी पिढी येतेय. राखण केल्याचं फळ मिळतंय. मग त्याच नोंदी महासीरच्या प्रकारानुसार वेगळ्या केल्या आणि २०१५ साली दुसरा निष्कर्ष छापून आला. वाढत होता तो निळसर परांचा महासीर, जो मुळात कावेरीचा नव्हताच. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर बैलासारखं वशिंड असलेला महासीर दरवर्षी कमी मिळत होता, आणि जे थोडे मिळत होते त्यांचं सरासरी वजन वाढत चाललं होतं. वजन वाढणं ही इथे वाईट बातमी होती. त्याचा अर्थ असा, की म्हातारे मासे तेवढे उरलेत आणि त्यांच्या मागे पिल्लं नाहीत.

वही तीच, आकडे तेच. फक्त एक रकाना आधी दुर्लक्षित राहिला होता.

दोन मासे

निळ्या परांचा महासीर आपल्याकडचा. शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली त्याचं वर्णन केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. नावातलं ‘खुद्री’ हे महासीरच्या आपल्या मराठी नावाचं, ‘खडशी’चंच, साहेबी कानांनी ऐकलेलं रूप दिसतं. कृष्णेच्या खोऱ्यातल्या नद्यांचा हा मासा.

वशिंडी महासीर फक्त कावेरी आणि तिच्या उपनद्यांमधला. डोक्याच्या मागून पाठ एकदम चढते आणि पाठीवरच्या पराशी जाऊन टेकते, पर नारिंगी. हा महासीरांमधला अजस्र मासा. १९४६ साली कावेरीची उपनदी कबिनीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महासीर पकडल्याची नोंद आहे. शंभर-दीडशे वर्षं शिकारी लोक याच्या गोष्टी सांगत होते, याचे फोटो दिवाणखान्यात लावत होते. आणि तरी या माशाला नक्की शास्त्रीय नाव नव्हतं.

हे नुसतं पोथीतलं भांडण नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीत येतात त्या जाती. ‘तो मोठा, वशिंडवाला’ असल्या वर्णनाची तिथे नोंद होत नाही. २००७ साली केरळातल्या पांबार या कावेरीच्या उपनदीतून मिळालेल्या पिल्लांवरून टॉर रेमादेवीआय ही जात वर्णिली गेली होती. पण पिल्लांना वशिंड ठळक नसतं, त्यामुळे ती आणि कावेरीतले पन्नास किलोचे धूड एकच असतील, हे कोणी जोडलं नव्हतं. ते २०१८ साली बाह्यलक्षणं आणि डीएनए दोन्ही ताडून सिद्ध झालं. त्या अभ्यासात पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतले नीलेश डहाणूकर सहलेखक होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लाल यादीत ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात दाखल झाली. नाव मिळालं आणि लगेच शेवटच्या पायरीवर नेऊन बसवलं.

लोणावळ्याहून निघालेलं बीज

१९७०च्या दशकात लोणावळ्याला वळवण धरणालगत टाटांच्या वीज कंपनीने महासीरचं बीजोत्पादन केंद्र, म्हणजे पिल्लं तयार करण्याचं केंद्र, उभं केलं. हेतू चांगला होता. धरणांमुळे महासीरच्या वरच्या ओढ्यांकडे जाणाऱ्या वाटा अडल्या होत्या, तेव्हा निदान माणसाच्या हाताने तरी वीण टिकवावी. टॉर खुद्रीचं कृत्रिम प्रजनन तिथे यशस्वी झालं आणि ते सोपं काम नव्हतं. महासीर रोहू-कटल्यासारखी लाखोंनी अंडी घालत नाही. अंडी मोठी, संख्येने कमी, तळाशी बसणारी. पावसाळ्यात पक्व मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, त्यावर नराचं शुक्रद्रव्य टाकून पिसाने ढवळायचं, मग पाणी घालायचं. पाणी आधी घातलं तर फलन पडतं, कारण पाण्यात शुक्राणू जेमतेम मिनिटभर हालते राहतात आणि अंड्याचं छिद्र मिटत जातं. फळलेली अंडी वाहत्या स्वच्छ पाण्याच्या ट्रेमध्ये एका थरात पसरायची. पांढरी पडलेली रोज चिमट्याने वेचून काढायची, नाहीतर बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांवर चढते.

या केंद्राने आणखी एक युक्ती साधली. फळलेली अंडी ओल्या कापसाच्या थरात ठेवून, पाण्याशिवाय, लांब पाठवता येतात हे तिथे दिसून आलं. पाण्याच्या पिशव्या आणि प्राणवायूची नळकांडी यांचा खटाटोपच वाचला. महासीर देशभर पोचण्यामागे या कापसाचा वाटा मोठा आहे, आणि या प्रकरणातली अडचणही तिथूनच सुरू होते.

कारण कावेरीत महासीर कमी झाल्याची ओरड होतीच. उपाय म्हणून मागवलं गेलं ते जे बीज तयार होतं ते: टॉर खुद्रीचं. कर्नाटकाच्या मत्स्यखात्याने पुढे कोडगूत हारंगीला स्वतःचं केंद्र काढलं आणि बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, कावेरीत सोडली जात राहिली. कागदावर सगळं बरोबर होतं. महासीर घटला, महासीर सोडला. त्या वेळी दोन्ही मासे ‘महासीर’ याच एका नावाखाली मोजले जात होते.

निळ्याने वशिंडीला कसं मागे सारलं असावं याचं संशोधकांनी मांडलेलं कारण सरळ आहे. टॉर खुद्री काहीही खाऊन जगतो: शेवाळ, गोगलगाई, किडे, झाडावरून पडलेली फळं. धरणाच्या साचलेल्या पाण्यातही तो तग धरतो. त्यात वर्षामागून वर्ष त्याची हजारो पिल्लं बाहेरून ओतली जात होती. वशिंडीच्या पिल्लांना उथळ पाण्यातला तोच निवारा, तेच खाद्य वाटून घ्यावं लागलं, आणि त्यांच्या मागे कोणतंही केंद्र उभं नव्हतं.

नदीही तीच राहिली नव्हती

नुसत्या बाहेरच्या माशावर खापर फोडणं मात्र सोपं उत्तर होईल. कावेरी या काळात पार बदलली. १९३१ च्या सुमारास कृष्णराजसागर, १९३४ साली मेट्टूर, १९७४ साली कबिनी. महासीर पावसाळ्यात वर चढून गोट्या-खड्यांच्या खळाळत्या तळावर अंडी घालतो; धरणाची भिंत आली की ती चढण तिथेच संपते. खालच्या भागात पाणी पावसाच्या नव्हे, वाटपाच्या वेळापत्रकाने येतं.

कोडगूच्या उतारांवर जंगल तुटून रस्ते आणि बांधकामं आली. पाऊसही आता थोड्या दिवसांत एकदम कोसळतो. ऑगस्ट २०१८ मध्ये कोडगूत दरडी कोसळल्या तेव्हा किती माती नदीत गेली असेल याची कल्पना करावी. ही माती खड्यांच्या फटीत बसते. अंडी त्याच फटीत असतात. त्यांना वाहत्या पाण्यातून प्राणवायू मिळायला हवा. गाळ बसला की अंडी गुदमरतात. वरून पाहिलं तर तळ तसाच दिसतो. हात घालून एक खडा उचलला आणि खालून ढगासारखा गढूळपणा उठला, की समजावं वीण इथे होत नाही. वाळूउपशाने याच्या उलट होतं: तळच निघून जातो.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. २० अंश सेल्सियस पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. पाणी आटलं की मोठे मासे चार-सहा खोल डोहांत गोळा होतात. तिथे जिलेटिनची एक कांडी पुरते. पंधरा-वीस वर्षांत वाढलेला मासा एका दुपारी जातो. आणि स्फोटाने मेलेल्यांपैकी बरेच मासे तळाला बसतात, ते टाकणाऱ्याच्याही हाती लागत नाहीत. हवामान आणि शिकार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे दुष्काळी वर्षी डोहाच्या काठावर उभं राहिलं की कळतं.

गालीबोरेच्याच पट्ट्यात, संगमाजवळ, बंगळूरचं सांडपाणी घेऊन अर्कावती कावेरीला मिळते. खाली मेकेदाटूला सुमारे ६७ टीएमसीचं धरण प्रस्तावित आहे. ते झालं तर वाहता डोह आणि खळाळ यांच्या जागी तलाव येईल, आणि तलावात कोण जगतो हे वर आलंच आहे.

वहीतला रकाना

गळवाल्यांच्या नोंदी हा स्वस्त आणि चांगला मार्ग आहे. पन्नास किलोच्या माशाला जाळं लावून मोजणी करणं कोणाला परवडणार? पण वही कशी ठेवली यावर सगळं अवलंबून. एक काल्पनिक उदाहरण घ्या. पहिल्या वर्षी १०० तासांत १० मासे: ६ वशिंडी, ४ निळे. दहा वर्षांनी १०० तासांत २५: १ वशिंडी, २४ निळे. एकूण दर अडीचपट झाला. वशिंडीचा दर सहावा हिस्सा राहिला. बेरीज छापली तर अभिनंदन, फोड छापली तर धोक्याची घंटा.

म्हणून नोंदीत निदान एवढं हवं:

– प्रत्येक गळवाल्याचे तास, मासा न मिळालेले तासही धरून. शून्याचे दिवस लिहायचा लोक कंटाळा करतात आणि मग मासेमारी उगीच भरभराटीची दिसते. तीन माणसं चार तास, म्हणजे बारा तास.

– आमिष. कावेरीवर नाचणीचे गोळे लावायची जुनी रीत आहे. खेकडा, छोटा मासा किंवा धातूचं खोटं आमिषही लावतात. आमिष बदललं की कोणता आणि केवढा मासा लागतो हेही बदलतं. मधल्या काळात सगळे नाचणीवरून खेकड्यावर गेले आणि ते लिहिलं नाही, तर आलेख माशांचा नसून आमिषाचा होतो.

– प्रत्येक माशाचा एकाच बाजूचा, डोकं डावीकडे ठेवून, मोजपट्टीसह फोटो. जात नंतरही ठरवता येते. पिल्लांमध्ये वशिंड दिसत नसल्याने फोटोवर परांचा रंग स्पष्ट यायला हवा. म्हणून पर बोटांनी पसरून धरावा.

– पराच्या कडेचा नखाएवढा तुकडा, ९५ टक्के इथेनॉलमध्ये. कुपीवर शाईने लिहिलं तर इथेनॉल सांडताच अक्षर पुसतं. पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी कुपीच्या आतच टाकावी. दोन्ही जाती एकाच पाण्यात आल्यावर संकर होतोय का, हे याच तुकड्यावरून कळणार.

– वजन ओल्या झोळीत करून झोळीचं वजन वजा करायचं. मोठा मासा जबड्याने टांगून वजन करू नये. त्याच्या स्वतःच्या भाराने मानेचे सांधे निखळतात. मासा पोहत निघून जातो, पण पुढे जगतो की नाही ते वहीत येत नाही.

गळ बिनकाट्याचा. हात ओले, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. पाणी तापलेलं असेल तेव्हा, एप्रिल-मेच्या दुपारी, गळ टाकूच नये. थकलेल्या माशाला सर्वांत जास्त प्राणवायू लागतो तेव्हाच पाण्यात तो सर्वांत कमी असतो.

२०१२ नंतर

हे कॅम्प कावेरी अभयारण्याच्या हद्दीत होते. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यात गळ टाकणं म्हणजे शिकारच, असा अर्थ लावला गेला आणि २०१२ च्या सुमारास ते बंद झाले. कायद्याच्या अक्षराला धरून हे बरोबर असेल. पण कॅम्पमध्ये गाईड म्हणून काम करणाऱ्यांत पूर्वीचे चोरटे मासेमारही होते. त्यांचा पगार त्या डोहांतल्या जिवंत माशांवर चालत होता. कॅम्प गेले, पगार गेले, रात्रीची गस्त गेली आणि वही बंद झाली. सुरुंगाची मासेमारी परत आल्याच्या तक्रारी त्यानंतरच्या. आमच्या मते या प्रकरणातली सर्वांत महाग चूक हीच: मासे पकडणं थांबवताना मासे राखणारी आणि मोजणारी व्यवस्थाही थांबली, आणि तिच्या जागी दुसरी आणली नाही. गळ बंद करायचाच होता, तर त्याच माणसांना राखणदार म्हणून पगारावर घेणं आधी व्हायला हवं होतं.

मूळ नदीत वशिंडी जवळजवळ दिसेनासा झाल्यावर शोध उपनद्यांकडे वळला. निलगिरीच्या पायथ्याची मोयार नदी मुदुमलई आणि सत्यमंगलम व्याघ्र प्रकल्पांमधून वाहत भवानीसागर धरणाला मिळते. तिथे तो अजून आहे. वाघासाठी केलेल्या बंदोबस्ताने मासाही वाचला, हे खरं. पण मोयारचं पाणीही वरच्या वीजघरांच्या हातात आहे. जनित्र सुरू झालं की पाणी चढतं, थांबलं की उतरतं. काठच्या उथळ जागी, तास-दोन तासांत पाणी उतरलं तर अंडी आणि पिल्लं उघड्यावर पडतात. त्यावर उपाय खर्चिक नाही. विणीच्या काळात, म्हणजे पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे, पाण्याची पातळी एकदम न उतरवता टप्प्याटप्प्याने उतरवायची आणि किमान प्रवाह कधीच तोडायचा नाही. त्यासाठी वीजघराचं वेळापत्रक वनखात्याच्या टेबलावर असायला हवं.

मग वशिंडीचं बीज तयार करायचं का?

मोह होतोच. लोणावळ्याचं तंत्र आहे, तेच या जातीला लावावं. ते लावताही येईल, पण आधी दोन हिशेब करावे लागतील.

पहिला हिशेब जननमाशांचा. बीजोत्पादनात २० माद्या आणि २ नर वापरले तर वरवर २२ पालक दिसतात. वंशाच्या दृष्टीने त्यांची किंमत चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले दोघांची बेरीज, म्हणजे १६० भागिले २२: सात. २५ नर आणि २५ माद्या घेतल्या तर पन्नास. एकाच नराचं शुक्रद्रव्य भरपूर निघतं म्हणून तेच सगळ्या अंड्यांवर फिरवायची सवय केंद्रांमध्ये असते. ती सोडून प्रत्येक मादीची अंडी वेगळ्या वाटीत, वेगळ्या नराबरोबर फळवावी लागतील. मुळात मोयारमधून पन्नास मोठे मासे उचलणं म्हणजे उरलेल्या वंशालाच हात घालणं. तेव्हा मासे जागेवर ठेवून, विणीच्या वेळी अंडी-शुक्रद्रव्य घेऊन पालक तिथेच सोडून देणं हा बरा मार्ग. त्याला विणीची जागा आणि वेळ आधी माहीत हवी.

दुसरा हिशेब नदीचा. ज्या पट्ट्यात निळ्याची गर्दी आहे, सुरुंग चालू आहेत आणि खडे गाळाने भरलेत, तिथे सोडलेली बोटुकली मासे होत नाहीत, खाद्य होतात. आधी निळ्याचं बीज सोडणं थांबवायचं. मग वरच्या, धबधब्याने किंवा बांधाने तुटलेल्या उपनद्या शोधायच्या, जिथे निळा अजून पोचलेला नाही. तिथला तळ, उन्हाळ्यातलं पाणी आणि राखण या तिन्ही गोष्टी तपासूनच बीजाचा विचार.

टॉर खुद्री मात्र २०१९ च्या मूल्यांकनात ‘संकटग्रस्त’ वर्गातून ‘कमी चिंतेच्या’ वर्गात आला. एका माशाची सुटका आणि दुसऱ्याची अडचण, दोन्हींत त्याच बोटुकल्यांचा हात आहे.

महाराष्ट्राला हे दूरचं वाटायचं कारण नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर पावलाभराच्या अंतरावर पाणी दोन खोऱ्यांत वाटलं जातं. वळवणचं पाणी मुळात इंद्रायणीचं, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्याचं, पण वीजनिर्मितीसाठी ते घाटाखाली खोपोलीला आणि पुढे पाताळगंगेत जातं. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महासीर पिढ्यानपिढ्या राखले गेले. वाडा तालुक्यात तिळसेला वैतरणेत तसेच. या पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या आहेत. तिथल्या माशांची आधी पराच्या तुकड्यावरून ओळख पटवावी आणि मगच कोणी ‘संवर्धनासाठी’ लोणावळ्याच्या किंवा आणखी कुठल्या बीजाची पिशवी त्या डोहात उपडी करावी की नाही ते ठरवावं. आणि सोडायचं ठरलंच, तर बीजाच्या पावतीवर जात, नग आणि बोटुकलीची लांबी यांच्या शेजारी आणखी दोन रकाने असावेत: पालक मासे कोणत्या नदीतले, आणि बीज कोणत्या नदीत चाललंय.